ऱ्य, रेफ आणि एम.टेक.ची दोन वर्षं

डिसेंबर लागला की मेसेज सुरू होतात. फेब्रुवारीत गेट (एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा) असते, अभ्यास अर्धा झालेला असतो आणि घरात लग्नाचा नाहीतर नोकरीचा विषय निघालेला असतो. "ताई, आयटीत एम.टेक. करण्यात अर्थ आहे का? की मिळेल ती नोकरी धरू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. माझं उत्तर ‘हो, अर्थ आहे’ असंच आहे. पण त्याला एक अट आहे, आणि ती समजावून द्यायची तर दुसऱ्या वर्षी मी नेमकं काय केलं ते सांगावं लागेल.

आधी व्यवहाराच्या गोष्टी उरकते. गेटमध्ये आयटीचा वेगळा पेपर नाही, ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ असा एकच आहे. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा एक नवा पेपर सुरू झालाय, तो वेगळा. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. त्यातले १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. ते पंधरा गुण सोडू नका. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे एका वर्षी अ‍ॅडमिशन नाही घेतली तरी तो वाया जात नाही. गेट पात्र ठरून मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेतला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, जास्तीत जास्त २४ महिने. पडताळणी होऊन पहिली रक्कम खात्यात पडेपर्यंत वेळ जातो, तेव्हा पहिल्या सत्राच्या मेसची आणि खोलीची सोय आधीच करून ठेवा. ज्यांना गेट नको आहे त्यांना एमसीए आहे. राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो आणि २०२०-२१ पासून तो अभ्यासक्रम तीनऐवजी दोन वर्षांचा झालाय. नोकरी सोडता येत नसेल तर दूरशिक्षणातून एम.एस्सी. आयटी करणारेही माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांतले काही जण आमच्यापेक्षा जास्त मन लावून शिकतात.

पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अ‍ॅडव्हान्स्ड अल्गोरिदम, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, मशीन लर्निंग, रिसर्च मेथडॉलॉजी. सोबत एक ऑडिट कोर्स, म्हणजे श्रेयांक नसलेला विषय, घ्यावा लागतो. तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) नमुना अभ्यासक्रमात त्यासाठी आपत्ती व्यवस्थापनापासून भारताच्या संविधानापर्यंत आणि ‘संस्कृत फॉर टेक्निकल नॉलेज’पर्यंत बरेच पर्याय आहेत. मी शोधनिबंध लेखनाचा घेतला आणि तो पुढे खरोखर कामी आला. बाकी असाइनमेंट, लॅब, सेमिनार. बी.ई. मन लावून केलं असेल तर पहिलं वर्ष जड जात नाही.

खरं एम.टेक. दुसऱ्या वर्षी असतं. ते संपूर्ण वर्ष डिझर्टेशनचं, म्हणजे प्रबंधाचं. तिथे मला सगळ्यांना कळकळीने एक सांगायचंय: आपला प्रश्न आपण शोधा. कॉलेजांच्या आसपास तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं असतात. कोड, रिपोर्ट, पीपीटी, हवा असेल तर जर्नलमधला पेपरही. दोन वर्षांपैकी जे एक वर्ष तुमचं स्वतःचं आहे, तेच पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतलं तर मग पदवीत उरलं काय? ही माझी अट. प्रश्न तुमचा असेल आणि काम तुम्ही हाताने करणार असाल, तरच या.

आता माझ्या प्रश्नाबद्दल.

आमचं गाव बार्शी. आजोबांचा ट्रेडल (पायाने चालवायचं छापयंत्र) होता, ते खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो विकून डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं) दुकान टाकलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, हँडबिलं, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, आणि १९९८ पासून पुढे बरीच वर्षं गावातल्या एका साप्ताहिकाची चारही पानं आमच्याच दुकानात लागायची. मी शाळेतून आले की प्रूफ घेऊन संपादकांच्या घरी जायचे. साप्ताहिक बंद पडलं, संपादक थकले, पण अण्णांनी फायली टाकल्या नाहीत. आधी सीड्यांवर, मग एका हार्ड डिस्कवर वर्षवार फोल्डर करून ठेवल्या होत्या. २००३ सालच्या टंचाईत कुठल्या गावाला टँकर सुरू झाले, बाजार समितीत ज्वारीला काय भाव निघाला, कुठल्या ग्रामपंचायतीत कोण निवडून आलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. तालुक्याचा सगळा लेखी इतिहास त्या डब्यात होता. आणि त्यात एक शब्दही शोधता येत नव्हता.

का शोधता येत नव्हता, हे ज्यांनी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर मराठी काम केलंय त्यांना ठाऊक आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसायचं. साठवलेली असायची रोमन अक्षरं, विरामचिन्हं आणि डोक्यावर टिंबं-रेघा असलेली युरोपीय अक्षरं. त्यांच्यावर फॉन्ट मराठी आकार चढवायचा. फॉन्ट काढला की पानभर अगम्य चिन्हं. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी निराळी. एकात ज्या जागी ‘क’ आहे त्या जागी दुसऱ्यात अर्धा ‘ष’.

असं नाही की तेव्हा प्रमाण मांडणी नव्हती. इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९८८ सालचं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक ब्युरोने स्वीकारलं. युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा तक्ताही इस्कीवरच बेतलेला आहे. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत जिस्ट नावाच्या गटाने यावर पायाभूत काम केलं. पण छपाईच्या दुकानाला मानकाशी देणंघेणं नव्हतं. त्याला कागदावर अक्षर सुबक यायला हवं होतं, तेही पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये, आणि त्या काळात त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. म्हणून आकारांचे फॉन्ट आले. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आलं, त्यासोबतचा मंगल फॉन्ट आयआयटी मुंबईत शिकवलेल्या प्रा. र. कृ. जोशींनी घडवलेला. पण डीटीपीवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांवर राहिले, आणि त्यांचं ते चूक होतं असं मला वाटत नाही. दुपारी चारला पत्रिका द्यायची असते, तेव्हा जे चालतं ते वापरायचं असतं.

जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, असा विषय मी मांडला तेव्हा आमच्या गाइड मॅडमनी (त्या मूळच्या आंध्रच्या, मराठी बोलतात पण वाचताना थांबतात) पहिला प्रश्न विचारला, "कन्व्हर्टर तर बाजारात मिळतात. तू नवीन काय करणार?" मी त्यांना तयार कन्व्हर्टरमधून काढलेलं एक पान दाखवलं. ‘शेतकर्यांना’, ‘दुसर्या’, ‘दु:ख’, आणि मधेच कुठेतरी उडी मारून बसलेली वेलांटी. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. या चुका कुठून येतात ते आधी मला समजावून सांग." त्यातच दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं चार वर्षांच्या बी.ई.त शिकले नव्हते.

इथे थोडं बारकाईने लिहिते, कारण मजा याच्यातच आहे.

युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात, जुन्या फॉन्टांत डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने. खिळे जुळवताना जे डावीकडे दिसतं ते डावीकडे बसवायचं. तोच हिशेब कीबोर्डवर आला. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो स, हलन्त (पाय मोडल्याची खूण), थ, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी असा सहा चिन्हांचा. जुन्या फॉन्टात ऑपरेटर आधी ऱ्हस्व वेलांटी मारतो, मग अर्धा ‘स’, मग ‘थ’. म्हणजे वेलांटीला तिच्या जागी न्यायचं तर तिने एक अक्षर ओलांडून भागत नाही. मधली सगळी अर्धी अक्षरं ओलांडून पहिल्या पूर्ण व्यंजनाच्या पलीकडे जायचं. रेफाचं, म्हणजे रफाराचं, उलटं. ‘मार्मिक’ टाइप होतं म, काना, वेलांटी, म, रेफ, क असं. त्या अक्षरापुरता रेफ सगळ्यात शेवटी येतो, कारण तो डोक्यावर बसतो. युनिकोडमध्ये मात्र तो ‘र’ आणि हलन्त होऊन ‘मि’च्या आधी जायला हवा. वेलांटी पुढे सरकवायची, रेफ मागे न्यायचा, दोन्ही एकाच अक्षराभोवती, आणि आधी कोण हलणार यावर उत्तर बदलतं.

काही फॉन्टांत पूर्ण ‘म’ नसतोच. अर्धा ‘म’ आणि पुढे उभी रेघ मिळून ‘म’ होतो. तीच रेघ पुन्हा मारली की ‘मा’. म्हणजे रेघ म्हणजे काना, हे धरून चालता येत नाही. तिच्या आधी काय आलंय ते पाहावं लागतं.

हे सगळं वहीवर मांडताना माझ्या लक्षात आलं की मी स्टेट डायग्राम काढतेय. ‘आता आपण अर्ध्या अक्षरानंतरच्या अवस्थेत आहोत, रेघ आली तर व्यंजन पूर्ण, दुसरं अर्धं अक्षर आलं तर जोडाक्षर सुरू.’ फायनाइट ऑटोमेटा, ठरावीक अवस्थांतून जाणारी कल्पित यंत्रं! गेटसाठी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन पाठ केलं होतं, गुणही पाडले होते. त्या विषयाचा आपल्या दुकानाशी संबंध असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मग रीतसर फायनाइट स्टेट ट्रान्सड्यूसर, म्हणजे वाचता वाचता एका चिन्हाचं दुसरं करणारे ऑटोमेटा, लिहिले: एक आकारांचे तुकडे ओळखणारा, दुसरा त्या तुकड्यांचं अक्षर जुळवणारा. त्या दिवशी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन अण्णांना फोन लावला आणि अर्धा तास बोलत होते. त्यांना ऑटोमेटा कळला नसेल, पण ‘अर्ध्या अक्षरानंतर रेघ’ लगेच कळलं. त्यांनी आयुष्यभर तेच केलेलं होतं.

‘शेतकऱ्यांना’ची गोष्ट याहून चिवट निघाली. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्यांना’ यातला तो आडवा अर्धा र. हिंदीला तो लागत नाही, संस्कृतला लागत नाही, आपल्याला क्षणोक्षणी लागतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही जोडी शाळेत शिकवतात. एकाला नमस्कार करायचा, दुसऱ्याला स्वयंपाकाचं सांगायचं. जे कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनलेत ते ऱ्यचा सरळ रेफ करून टाकतात.

बरं, युनिकोडमध्ये हा आडवा र लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक, नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ (युनिकोडमधली त्याची जागा ०९३१) आणि पुढे हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं स्वतःचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) चालवलं तरी ते एक होत नाहीत. तुम्ही एका पद्धतीने ‘शेतकऱ्यांना’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सगळे शेतकरी तुम्हाला सापडतच नाहीत. मराठी वृत्तपत्रात सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या शब्दांपैकी हा एक असेल, आणि त्याचीच ही अवस्था.

मी पहिली पद्धत निवडली. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं, हाच पर्याय का? कारण ते अदृश्य चिन्ह टिकत नाही. मजकूर साफ करणारे कितीतरी प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हं कचरा समजून उडवतात, आणि ते उडालं की उरतो रेफ. ‘शेतकऱ्यांना’चं पुन्हा ‘शेतकर्यांना’. नुक्तावाला ऱ असा हरवत नाही. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं, कारण उत्तर वाचून दिलेलं नव्हतं; स्वतःच्या हाताने तो मजकूर उडताना पाहिला होता.

विसर्गाचं सांगायलाच हवं. जुन्या फॉन्टांवर काम करणारे ऑपरेटर विसर्गाची कळ शोधत बसायचे नाहीत, कोलन मारायचे. दिसायला सारखंच. ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘स्वत:’. छापून आलं की फरक कळत नाही. पण कोलन हे विरामचिन्ह आहे, आणि यंत्र विरामचिन्हावर शब्द तोडतं. ‘दु’ वेगळा, ‘ख’ वेगळा. शब्दाच्या मधला कोलन विसर्ग धरायला फार अडचण नाही. शेवटच्या कोलनचं काय? ‘स्वत:’मध्ये तो विसर्ग आहे, ‘वेळ:’ आणि ‘स्थळ:’मध्ये खरा कोलन. मग लक्षात येतं की विसर्गवाले असे शब्द बहुतेक ‘त’ने संपतात: स्वतः, विशेषतः, अंशतः, वस्तुतः. तेव्हा ‘त’नंतरचा कोलन म्हणजे विसर्ग, हा नियम करायचा मोह होतो. सगळं सुरळीत चालतं, आणि मग लग्नपत्रिकेच्या खालच्या ओळीत येतं ‘विनीत:’. पुढे पाटील परिवार. पत्रिकांच्या दुकानात वाढल्यामुळे हा शब्द मला आधीच आठवला होता आणि मी शब्दयादीचा मार्ग घेतला. मॅडम म्हणाल्या, असे अपवाद तुला पुस्तकातून मिळाले नसते.

त्या वाक्यापासून मॅडमनी कामाची दिशाच बदलली. म्हणाल्या, "तुझं आउटपुट बरोबर आहे हे तू कशावरून म्हणतेस? तुला वाचायला बरं वाटतं म्हणून?" संशोधन म्हणजे काय, हे मला या एका प्रश्नाने कळलं. ‘चांगलं आलंय’ असं आपल्याला वाटणं वेगळं, आणि ते दुसऱ्याला तपासता येईल असं मांडणं वेगळं.

मग चाचणीचा संच तयार केला. साप्ताहिकातली काही पानं काढली आणि दोन वेगळ्या माणसांकडून, एकमेकांचं न पाहता, युनिकोडमध्ये हाताने टाइप करून घेतली. जिथे दोघांचं जुळलं नाही तिथे निकाल द्यायला आमच्या दुकानाचे जुने प्रूफरीडर गुरुजी. निवृत्त मराठी शिक्षक. त्यांची एक अट होती: मूळ पानात जे छापलंय तेच ठेवायचं, शुद्धलेखन सुधारायचं नाही. "छापलेली चूक हीसुद्धा नोंद आहे," असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी बरोबर होतं. मी त्यांना लाल पेन न देता पेन्सिल दिली, तरी त्यांनी एका पानावर तीन जागी ऱ्हस्व-दीर्घावर गोल केलेच. मग स्वतःच खोडून टाकले.

पानं निवडतानाही एक गोष्ट शिकले. सगळ्या फायलींतून चिठ्ठ्या टाकून पानं निवडली तर ज्या ऑपरेटरच्या पानांवरून नियम लिहिले त्याचीच पानं चाचणीतही येतात. एकेका ऑपरेटरची सवय असते. एक जण ‘ओ’ म्हणून ‘अ’ला काना-मात्रा लावायचा, दुसरा अनुस्वार नेहमी मात्रेच्या आधी मारायचा. छापील पानावर फरक दिसत नाही, फायलीत दिसतो. म्हणून काही वर्षांचे अंक पूर्ण बाजूला काढले, त्यांना काम संपेपर्यंत हात लावला नाही. अण्णांना फायली पाहून सांगता यायचं, कुठल्या वर्षी दुकानात कोण होतं.

गुण मोजायला लेव्हेनश्टाइन अंतर वापरलं. एका मजकुराचा दुसरा करायला किती चिन्हं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं. रशियन गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडलेली कल्पना. ती आपल्या लिपीला लावताना विचार करावा लागतो. वेलांटी एक जागा चुकली तर चिन्हांच्या हिशेबात चूक लहान, वाचणाऱ्याला मात्र पूर्ण शब्द मोडलेला. म्हणून चिन्हांच्या पातळीवर एकदा आणि पूर्ण शब्दांच्या पातळीवर एकदा, असं दोन्ही मोजलं. न्यूरल मॉडेलही (उदाहरणांवरून स्वतः शिकणारं) करून पाहिलं, कारण कमिटीला ते हवं होतं आणि मलाही उत्सुकता होती. क्रम लावण्याच्या कामात नियमच सरस ठरले. जिथे एकाच चिन्हाचे दोन अर्थ निघतात आणि शेजारच्या शब्दांवरून ठरवावं लागतं, तिथे भाषेचं मॉडेल उपयोगी पडलं. दोन्ही मिळून अंतिम पद्धत झाली.

याच सुमाराला, २०२२च्या नोव्हेंबरात, चॅटजीपीटी आलं. आमच्या बॅचमध्ये विषय बदलायची लाट उठली. जुन्या फॉन्टांवर काय बसलीस, हे मला अनेकांनी आपुलकीने विचारलं. मला तर उलटंच वाटलं. ही मॉडेलं मजकुरावर शिकतात. मराठीचा किती मजकूर त्यांच्यासमोर आहे? पुण्याच्या एल३क्यूब गटाने त्याच वर्षी महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा संग्रह खुला केला, सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा, आणि महाबर्ट हे मॉडेलही. फार मोलाचं काम, मीही ते वापरलं. पण ही वाक्यं वेबवरून आलेली आहेत, म्हणजे युनिकोडनंतरची. त्याआधीचं तालुक्या-तालुक्यातलं मराठी, दिवाळी अंक, जयंत्यांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, अजून डीटीपीच्या दुकानांतल्या हार्ड डिस्कवर आहे. यंत्राच्या दृष्टीने ते मराठी नाहीच, ती टिंबावाली युरोपीय अक्षरं आहेत. हे सोडवल्याशिवाय मराठीचं यंत्र पुरतं मराठी होणार कसं? मी विषय बदलला नाही.

थिसिस अर्थातच इंग्रजीत. पण पानोपानी देवनागरी उदाहरणं, म्हणून साधं लाटेक (थिसिसची पानं लावायचं सॉफ्टवेअर) चालत नाही, युनिकोड समजणारं झीलाटेक वापरावं लागतं. हे पहिल्याच दिवशी करून ठेवा, शेवटच्या महिन्यात नको. नंतर साम्य-तपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते पाहणं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावं लागतं, आणि ६० टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द. स्वतः लिहिणाऱ्याला या आकड्यांची भीती बाळगायचं कारण नाही. पेपर छापताना मात्र सावध राहा. ‘पैसे भरा, आठवड्यात छापू’ म्हणणाऱ्यांचे मेल तुमच्याही इनबॉक्सात येतील. त्यांच्याकडे पाठवू नका. आमचा पेपर पहिल्यांदा नाकारला गेला तेव्हा तीन परीक्षकांनी मिळून दोन पानं शेरे लिहिले होते. त्यांतल्या एका शेऱ्यामुळे मी शब्दांच्या पातळीवरचं मोजमाप जोडलं. फुकटात असं शिकवणारं कोण भेटतं?

घरच्यांचं विचारता तर सांगते. मावशीचं म्हणणं होतं, बी.ई. झालंय, नोकरी होती, मग परत दोन वर्षं कशाला. आईने तिला एवढंच सांगितलं की दुकानाचंच काम करतेय ती. मला ते उत्तर फार आवडलं.

नोकरीचंही विचारता. मी आता पुण्यात भारतीय भाषांच्या सर्च इंजिनवर काम करणाऱ्या टीममध्ये आहे. मुलाखतीत पाऊण तास विसर्गावर आणि ऱ्यवरच बोलणं झालं. पगार आधीच्या नोकरीपेक्षा बरा आहे, पण तोच हिशेब असेल तर दोन वर्षं नोकरीत राहूनही पगार वाढतो. प्रश्न घेऊन बसायची तयारी असेल तर एम.टेक. करा, नाहीतर नोकरी करा; दोन्ही मानाचंच आहे.

साप्ताहिकाच्या बातम्यांची पानं आता युनिकोडमध्ये आली आहेत. संपादकांच्या घरच्यांनी लेखी परवानगी दिली, त्यामुळे ती गावातल्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ठेवली आहेत. जाहिरातींची पानं बाकी आहेत, कारण ती कोरलड्रॉमध्ये आहेत आणि तिथे बऱ्याच अक्षरांचे कर्व्ह करून टाकलेत, म्हणजे अक्षर उरलेलंच नाही, नुसतं चित्र आहे. त्याला ओसीआरच, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअरच, लागेल.

तुमच्या ओळखीत कुणाचं डीटीपीचं दुकान असेल, कुणी बंद करत असेल, तर जुनी हार्ड डिस्क भंगारात जाऊ देऊ नका. फायलींची नक्कल करून घ्या आणि त्याच मशीनच्या फॉन्ट फोल्डरमधल्या टीटीएफ फायलीही सोबत घ्या. नेमका फॉन्ट नसेल तर मांडणी ओळखायला महिने जातात. फोल्डरवर साल आणि ऑपरेटरचं नाव लिहिता आलं तर लिहा. आणि एम.टेक.साठी विषय शोधताय अशा कुणालाही हे काम पुढे न्यायचं असेल तर कळवा, चाचणीचा संच, गुरुजींच्या खुणांसकट, मी देईन.